हाताने पास केलेलं कॅबिनेट

पेटीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, आणि गाण्याबजावण्याशी तर त्यांचा सात जन्मांत संबंध आला नव्हता. कॉम्प्युटरच्या रिकाम्या कॅबिनेटमध्ये हात घालायचा आणि ते कामाचं की भंगाराचं हे सांगायचं, एवढं एकच काम ते सव्वीस वर्षं करत आले होते. वर्कशॉपमधल्या कुणीतरी कधीतरी गंमत म्हणून पेटीमास्तर म्हटलं आणि ते त्यांना चिकटलं ते चिकटलंच. घरी येणारी पत्रंसुद्धा त्याच नावाने यायची.

हे काय काम झालं, असं तुमच्या मनात आलं असेल. येऊ द्या. घरातल्या कॉम्प्युटरला एक डिस्क असते, तिला कुठल्याही डब्यात कोंबा, ती बिचारी चालते. पण ज्या मशीनचं कामच नुसतं साठवायचं आहे, तिच्यात आठ-आठ, बारा-बारा डिस्क शेजारीशेजारी, अहोरात्र फिरत असतात. तिथे डबा चुकला की सगळं चुकलं. पत्रा पातळ असला तर एकीची थरथर दुसरीला लागते. पंखा लांब पडला तर आतल्या डिस्क भाजून निघतात. वायरींना मागे जागा नसली तर झाकण लावताना त्या मुडपतात, आणि मग सहा महिन्यांनी कुणालातरी कपाळाला हात लावून बसावं लागतं. हे सगळं कॅबिनेट घेण्याआधी बघायचं असतं. लोक मात्र बाहेरची काच बघतात आणि आतले रंगीत दिवे बघतात.

मास्तरांची तपासायची रीत ठरलेली होती. कॅबिनेट टेबलावर आडवं करायचं, बाजूचं झाकण काढायचं, बाही वर करायची आणि डोळे मिटून हात आत घालायचा. आधी अंगठा पत्र्याच्या कडेवरून फिरायचा. कड बोचली तर तिथेच निकाल. मग डिस्कचे खण, त्यांच्याखालचं रबर, पंखा आणि खण यांच्यामध्ये तीन बोटं जागा, पाठीमागे वायरीला कोपरासारखं वळायला वाव. त्यानंतर आठ जुन्या डिस्क बसवून मशीन चालू करायची आणि मधली एक डिस्क, शेजारणींना धक्का न लावता, एका हाताने बाहेर काढून दाखवायची. निघाली तर आतल्या पत्र्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण. आणि सगळ्यात शेवटी चालू डिस्कच्या कडांवर बोटांची टोकं टेकवून ते सांगायचे, ही ठणठणीत आहे, ही दमलीये, ही महिन्याभराची सोबतीण. ते सहसा चुकत नसत. मालकीणबाई येईल त्या गिऱ्हाइकाला हे कौतुकाने दाखवायच्या. त्यांचे यजमान गेल्यावर वर्कशॉप त्यांनीच सांभाळलं होतं आणि मास्तरांच्या हातावर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा होता.

भरवसा माणसाला चढतो, त्यातली गत. तीन वर्षांपूर्वी टेबलावर दोन कॅबिनेटं आली होती. एकात प्रत्येक खणाला छोटा दिवा आणि नंबराची पट्टी होती. डिस्क मेली की तिचा दिवा लाल. दुसऱ्यात दिवा नाही की पट्टी नाही, पण पत्रा असा की बघत राहावं, आणि आत जागा ऐसपैस. मास्तरांनी दुसरं पास केलं आणि वहीत लिहिलं, "दिव्यांची गरज नाही. हाताला कळतं." वर म्हणाले की दिवे डिस्कच्या आधी मरतात. सगळे हसले. त्या मॉडेलची कॅबिनेटं पुढे ठिकठिकाणी गेली, आणि टेबलावर तपासलेलं तेच एका मोठ्या हॉस्पिटलात गेलं. तिथले सगळे स्कॅन त्याच्यावर साठवायला लागले.

आणि आता त्या हाताला कळेनासं झालं होतं.

साखर फार वर्षांपासून होतीच. आठ महिन्यांपूर्वी मास्तर चहाचा स्टीलचा पेला धरून गप्पा मारत उभे होते, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या की अहो, बोटं लाल झालीत तुमची. मास्तरांनी पेला खाली ठेवला आणि हसून वेळ मारून नेली. त्या दिवसानंतर त्यांनी टाचणी टोचून बघितली, बर्फ धरून बघितला, दाराच्या फटीत बोट हलकंसं दाबून बघितलं. दोन्ही हातांना, जाड दुलईच्या आडून कुणीतरी बोट लावावं तसं काहीतरी कळायचं, बाकी काही नाही. औषधं चालू होती, पण गेलेलं परत येईलच असं डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. वर्कशॉपमध्ये सांगणार तरी काय? ज्या हाताचा पगार मिळतो तो हातच गेला म्हणून? घरी सांगायचं होतं, रोज सांगायचं होतं. पण बायकोचा खोकला तेव्हाच सुरू झाला होता, आणि तिच्या डोक्याला आणखी घोर कशाला, असं म्हणत ते रोज उद्यावर ढकलत गेले.

सोंग करून करून माणूस जेवढा दमतो तेवढा काम करून दमत नाही. ते कानाने तपासायचे, अंदाजाने तपासायचे, जुन्या आठवणीवर मान हलवायचे. घरी आल्यावर शिवणयंत्राच्या आवाजातच खुर्चीत डोळा लागायचा. बायको शिवणकाम करायची. गिऱ्हाइकाने कापड ठेवलं की चिमटीत धरून, न बघता, त्यात सूत किती आणि भेसळ किती हे सांगायची. पूर्वी दोघं मिळून या गोष्टीची थट्टा करत. आपल्या घरात चार डोळे आहेत ते नुसते शोभेला, असं ती म्हणायची. हल्ली मास्तर तो विषयच काढत नसत.

त्या दिवशी सकाळी टेबलावर नवीन मॉडेल होतं. बारा डिस्कचं, देखणं. दुपारपर्यंत होय की नाही ते कंपनीला कळवायचं होतं, आणि मालकीणबाई समोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. मास्तरांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण बायको सकाळपासून त्या हॉस्पिटलात बसली होती आणि त्यांना बारापर्यंत तिथे पोचायचं होतं. कालच्या स्कॅनमध्ये तिच्या फुफ्फुसात मसुराएवढी एक गाठ दिसली होती. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हाही तिचा तिथेच स्कॅन झाला होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की तो जुना फोटो शेजारी ठेवून बघू. गाठ तेव्हाही एवढीच असेल तर घाबरायचं कारण नाही. तेव्हा नसेल, तर नवीन आहे आणि वाढतेय, मग छाती उघडायची. एवढा सगळा हिशेब एका जुन्या फोटोवर आला होता. आणि हॉस्पिटल हल्ली हातात काही देत नसे; सगळं मशीनमध्ये आहे म्हणायचं.

मास्तरांनी बाही वर केली, डोळे मिटले, हात आत घातला. अंगठा कडेवरून फिरवला. काही नाही. परत फिरवला. कड गुळगुळीत आहे असं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या. आतल्या पांढऱ्या पत्र्यावर रक्ताचे थेंब पडत होते. अंगठा चांगला अर्धा इंच कापला होता आणि मास्तरांना पत्ता नव्हता.

मालकीणबाईंनी फडकं आणलं, अंगठा बांधला, आणि पत्रा वाईट आहे म्हणायचा का, असं विचारलं. त्या क्षणी खरं सांगून टाकता आलं असतं. मास्तर नुसते "बघू" म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलच्या रेकॉर्डवाल्या बाई होत्या. मशीन अडकली होती. सकाळपासून एकही जुना स्कॅन उघडत नव्हता.

मास्तरांनी नवीन डिस्क, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि ते निघाले. बायको दुसऱ्या मजल्यावर बाकावर बसली होती, मांडीवर निळी पिशवी. मशीनमध्ये काहीतरी झालंय म्हणतात, मला थांबवून ठेवलंय, असं तिने सांगितलं. मास्तर म्हणाले, मी बघतो. हेच ते गेली सव्वीस वर्षं म्हणत आले होते.

रेकॉर्डची खोली म्हणजे कागदी फायलींचं जुनं कोठार. मशीन एका पाठ नसलेल्या लोखंडी कपाटात उभी करून ठेवली होती, आणि तिची उघडायची बाजू नेमकी भिंतीकडे. भिंत आणि मशीन यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट. मास्तर बघतच राहिले. त्यांनी जन्मभर कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवून, भरपूर उजेडात, चारी बाजू मोकळ्या ठेवून तपासलं होतं. ते जिथे राहणार तिथे ते कसं उभं राहणार, हे एकदाही बघितलं नव्हतं. कसंबसं झाकण सरकवून त्यांनी टॉर्च मारला. आतल्या पत्र्यावर त्यांचीच पेन्सिलीची बरोबरची खूण होती. त्यांना तिची शिसारी आली.

दुखणं काय ते शेजारच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर कळत होतं. आठातली एक डिस्क मेली होती. एक मेली तर उरलेल्या सात जणी मिळून तिचं काम भरून काढतात, तशीच त्यांची जुळणी असते. पण ही मेलेली बया वाट अडवून बसली होती, ती बाहेर काढल्याशिवाय कुणाचंच काही चालणार नव्हतं. आणि चुकून दुसरीच काढली, तर आठातल्या दोन गेल्या, आणि दोन गेल्या म्हणजे सगळं गेलं. हजारो माणसांच्या छात्या, डोकी, मणके. सगळ्याची दुसरी प्रत ठेवायची मशीन पुढच्या वर्षी घेऊ म्हणून दोन वर्षं राहिली होती.

मेलेल्या डिस्कचा लांबलचक नंबर पडद्यावर होता. पण तो डिस्कच्या पाठीवर छापलेला असतो आणि पाठी एकमेकींना चिकटून. खणांना दिवे नाहीत, पट्ट्या नाहीत. बंद करून एकेक काढून बघू का, असं रेकॉर्डवाल्या बाईंनी विचारलं. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. उरलेल्यांतल्या दोन आधीच आजारी दिसत होत्या. तीन वर्षं न थांबता फिरलेल्या. एकदा थांबल्या की परत उठतील याची खात्री देता येत नव्हती. बाईंनी मग बाहेरून ताप बघायचं पिस्तूल आणलं, कपाळासमोर धरतात ते. कल्पना वाईट नव्हती, पण मेलेलीला दोन्हीकडच्या शेजारणी ऊब देत होत्या आणि पिस्तूल प्रत्येकीला ताप आहे म्हणत होतं. बाईंना हसू आलं. मास्तरांना आलं नाही.

उरला हात. त्यांनी फटीतून हात घातला, बोटं कडांवर टेकवली. पहिली, दुसरी, तिसरी. डोळे घट्ट मिटले, श्वास रोखला. सगळीकडे तीच दुलई. कान लावला तर पंख्याची घरघर. परत पहिलीपासून सुरुवात केली. दहा मिनिटं गेली. मानेवरून घाम उतरत होता. तिसरी वाटते, असं त्यांच्या मनात आलं. वाटते. बोटं तिसरीच्या खटक्यावर गेली, आणि दुसऱ्या मजल्यावरची निळी पिशवी डोळ्यांसमोर आली. त्यांनी हात बाहेर काढला आणि ते फायलींच्या एका गठ्ठ्यावर बसले.

"मला कळत नाहीये," ते म्हणाले.

बाईंना वाटलं मशीनबद्दल बोलतायत. दुसऱ्या कुणाला बोलवायचं का, असं त्या विचारायला लागल्या.

"मशीनचं कळतंय हो. माझ्या हाताला कळत नाहीये. बोटं बधिर झालीत माझी." एवढं बोलल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं, पण नुसता थकवाच वाटला. "वर बाकावर माझी बायको बसलीये. निळी पिशवी आहे तिच्याकडे. तिला खाली आणा."

ती आली. कपाट, फट, बांधलेला अंगठा, नवऱ्याचं तोंड, सगळं तिने एकदा बघून घेतलं. मास्तरांनी मान खाली घालून थोडक्यात सांगितलं: आत आठ डिस्क आहेत, सात फिरतायत, एक गप्प आहे, ती कुठली हे बोटाने ओळखायचंय.

"आणि तुमचं बोट?" तिने विचारलं.

मास्तरांनी बांधलेला अंगठा मुठीत लपवला.

"किती दिवस झाले?"

"आठ महिने."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. तिने हातातली बांगडी आणि अंगठी काढून त्यांच्या हातात दिली आणि बाही वर केली. तिचा हात बारीक. फटीतून खांद्यापर्यंत गेला.

"दाबू नकोस," मास्तर म्हणाले. "नुसतं टेकव. घाई नको." मग राहवेना म्हणून पुढे बोलून गेले, "चुकलं तर तुझापण फोटो गेला."

"माझ्या एकटीचाच आहे का त्यात? मग गप्प बसा जरा."

तिने डोळे मिटले. सगळ्या कडांवरून बोटं एकदा गेली, मग उलटी परत आली. सगळ्याच हलतायत म्हणाली. मास्तरांनी समजावलं की मेलेली असली तरी शेजारणींच्या हलण्याने ती थोडी हलणारच. आपलं हलणं आणि दुसऱ्याने हलवणं यातला फरक बघ. ती बरं म्हणाली आणि पुन्हा पहिलीपासून लागली. ही चालतेय. ही चालतेय. ही जरा जड चालतेय, हिला बघायला हवं. तिसरीवर थांबली आणि पुढे गेली. चौथी, पाचवी. सहावीवर बोट ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मधेच खोकला आला, तेव्हा हात न हलवता तोंड खांद्यात दाबून खोकली. मास्तरांना ते बघवेना.

"ही," ती म्हणाली. "सहावी. पट्टा तुटला की यंत्राचं चाक हाताला लागतं ना, तसं लागतंय. बाहेरून हलतंय, आत कुणी नाही."

खात्री आहे का, असं मास्तरांनी विचारलं नाही. त्यांनी तिला खटका कसा दाबायचा, वायर आधी कशी सोडवायची, शेजारणींना न लागता सरळ रेषेत कसं ओढायचं हे सांगितलं. मधली डिस्क एका हाताने काढायची परीक्षा. ती त्यांनी शेकडो कॅबिनेटांची घेतली होती. डिस्क बाहेर आली. तिने ती त्यांच्या मांडीवर ठेवली. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, नंबर डोळ्यांजवळ धरला, पडद्यावरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघितला, आणि परत पहिल्यापासून बघितला. मग डिस्क बाजूला ठेवून ते काही वेळ तोंडावर हात घेऊन बसले. रेकॉर्डवाल्या बाईंनी न विचारता पाणी आणून दिलं. पडद्यावर स्कॅनची यादी उलगडायला लागली होती.

नवीन डिस्क आणि झाकण यांत आणखी अर्धा तास गेला. मास्तरांनी बाईंकडून चिकटपट्टी मागून घेतली आणि प्रत्येक खणाला नंबर लावला. ते नंबर बायकोने लिहिले.

डॉक्टरांनी दोन फोटो शेजारीशेजारी लावले. बोलले ते फार थोडं. गाठ तेव्हाही होती, एवढीच होती, कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं इतकंच. सहा महिन्यांनी परत बघू. बायकोने दोनदा विचारून घेतलं, तेव्हा एवढीच ना? एवढीच, डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दोघं खाली येऊन फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसली. बस यायला वेळ होता. मास्तरांनी मालकीणबाईंना फोन लावला. त्यांनी पहिलंच विचारलं ते त्या नव्या कॅबिनेटबद्दल. कंपनीचे लोक उत्तरासाठी थांबले होते.

"पत्र्याचा दोष आहे की नाही ते मला सांगता येणार नाही," मास्तर म्हणाले. "दोष माझ्या बोटात आहे. आठ महिने झाले, मला काही कळत नाही. या आठ महिन्यांत मी पास केलेली सगळी परत बघायला लागतील. उभी करून बघा, भिंतीला लावून. आणि यापुढे प्रत्येक खणाला दिवा नसेल तर घेऊ नका."

मालकीणबाई म्हणाल्या की उद्या या, बसून बोलू. काय बोलणार ते मास्तरांना माहीत होतं आणि त्यांना राग आला नाही. कधी एकदा घरी जाऊन झोपतो असं झालं होतं.

अंगठी आणि बांगडी अजून त्यांच्या खिशात होती. ती काढून द्यावी म्हणून ते जरा वळले. बायको रस्त्याकडे बघत होती, आणि त्यांचा डावा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. केव्हापासून धरला होता कोण जाणे. मास्तरांना ते खाली बघितल्यावर दिसलं.